क्लेम बसतो का?

कोल्हापुरातल्या शिवाजी उद्यमनगरात अपघाताची गाडी आली की तिच्याभोवती तीन माणसं उभी राहतात. मालक बंपरकडे बघतो, मिस्त्री बंपरच्या आत काय मोडलंय ते बघतो आणि सर्व्हेअर बघतो आरसीवरची तारीख. मी गेले त्या सकाळी मध्ये एक पांढरी हॅचबॅक उभी होती. तावडे हॉटेलजवळ उसाच्या रिकाम्या ट्रॉलीला डाव्या बाजूनं घासलेली, साडेतीन वर्षांची गाडी. मालक एका पतसंस्थेत वसुलीचं काम बघणारे, म्हणजे कागद वाचायची सवय असलेले गृहस्थ. तरी ते पुन्हा पुन्हा एकच वाक्य म्हणत होते, "अहो, फुल इन्शुरन्स आहे माझा!"

एस्टिमेट होतं २६ हजारांचं. बंपर सहा हजार, हेडलाइट आठ, फेंडर तीन, रंगकाम सहा, मजुरी तीन. सर्व्हेअरनं बॉनेटवर वही टेकवली आणि एकेक आकडा सोलायला घेतला. बंपर आणि हेडलाइट प्लास्टिकचे, म्हणून निम्मे. १४ हजारांचे झाले सात. फेंडर पत्र्याचा, तीन ते चार वर्षांच्या गाडीच्या पत्र्याला २५ टक्के घसारा, उरले सव्वादोन हजार. रंगकामाच्या बिलातला चौथा हिस्सा रंगाचा माल धरतात आणि त्या मालाचे निम्मे कापतात, तिथे साडेसातशे गेले. मजुरी पूर्ण मिळाली. बेरीज साडेसतरा हजार. त्यातून दर क्लेममागे सक्तीनं कापायचे एक हजार वजा केले, की कंपनी देणार साडेसोळा आणि मालकांच्या खिशातून जाणार साडेनऊ.

"झिरो डेप घेतलं असतं तर हजारावर भागलं असतं, साहेब," मिस्त्री म्हणाला. झिरो डेप म्हणजे घसारा न कापण्याची जोड. मालकांनी मोबाइलवर पॉलिसी उघडली, वरखाली सरकवली आणि परत खिशात टाकली.

संपादकांनी यंदाच्या अंकाला 'जोखीम' हा विषय दिला, तेव्हा त्यांच्या मनात गिर्यारोहक आणि शेअर बाजार असावेत. मला मात्र घरोघरी दरसाल येणारा एक कागद आठवला. त्याचे पैसे आपण भरतो, तो हातात घेऊन 'यंदा वाढवलंच' असं म्हणतो आणि पोलिसानं अडवलं तर दाखवायला ठेवून देतो. तो कागद प्रत्यक्षात कुठे कुठे उघडला जातो ते बघायला मी कोल्हापुरात हिंडले. गॅरेजमध्ये, कोर्टात, एजंटच्या टेबलावर. प्रत्येक ठिकाणी तो वेगळाच दिसला.

एका कागदात दोन पॉलिस्या

आपण ज्याला 'गाडीचा इन्शुरन्स' म्हणतो त्यात दोन वेगळे करार एकत्र टाचलेले असतात. पहिला थर्ड पार्टी. माझ्या गाडीनं दुसऱ्याचा जीव गेला, हातपाय मोडले, भिंत पडली, तर त्याची भरपाई. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १४६ नुसार हा सक्तीचा. दुसरा 'ओन डॅमेज', म्हणजे माझ्याच गाडीचं नुकसान: अपघात, चोरी, आग, पूर. हा ऐच्छिक, कर्ज असेल तर बँक घ्यायला लावते, ते वेगळं.

दोघांच्या किमती ठरण्याची तऱ्हाही वेगळी. थर्ड पार्टीचा दर सरकार ठरवतं आणि तो सगळ्या कंपन्यांना सारखा. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरपत्रकात १,००० सीसीपर्यंतच्या खासगी मोटारीला २,०९४ रुपये, १,५०० पर्यंत ३,४१६ आणि त्यापुढे ७,८९७. दुचाकीत ७५ ते १५० सीसीला ७१४, त्यावर ३५० पर्यंत १,३६६. विजेवर चालणाऱ्या गाड्यांना १५ टक्के सूट. गाडी मलबार हिलची असो की गडचिरोलीची, चालवणारा सत्तरीतला सावकाश आजोबा असो की रंकाळ्यावर रात्री चाक उचलणारा पोरगा, रक्कम तीच. घासाघीस करायला इथे जागाच नाही.

घासाघीस चालते ती दुसऱ्या भागात. १ जानेवारी २००७ पासून ओन डॅमेजचे दर मोकळे झाले. कोणत्या गाडीला किती लावायचे हे कंपनीनं ठरवायचं. म्हणून एकाच गाडीला चार कंपन्या चार आकडे सांगतात, आणि फोनवरचा मुलगा 'सर, फक्त तुमच्यासाठी' म्हणून जे कमी करतो ते याच भागातून. गिऱ्हाइकाचं सगळं लक्षही मग इथेच लागतं. पत्रा, रंग, काच. पहिल्या भागाकडे, ज्यात माणसं आहेत, कोणी ढुंकून बघत नाही, कारण तिथे सूट नाही.

नव्या गाड्यांच्या बाबतीत आणखी एक गोम आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशामुळे १ सप्टेंबर २०१८ पासून नवीन मोटारीला तीन वर्षांचा आणि नवीन दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदमच घ्यावा लागतो. ओन डॅमेज मात्र बहुतेक वेळा एकाच वर्षाचा असतो. शोरूममधून निघालेल्या मोटारसायकलच्या कागदावर पाच वर्षांनंतरची तारीख बघून मालक निवांत होतो. दुसऱ्या वर्षी गाडी चोरीला गेली की कळतं, ती तारीख दुसऱ्यांसाठी होती. आपल्या गाडीचा विमा पहिल्या वाढदिवसालाच संपला. आणि पाच वर्षं झाल्यावर तर तो कागद कुठल्या कपाटात आहे हेही घरात कुणाला माहीत नसतं. देशातल्या रस्त्यांवरच्या निम्म्याहून अधिक वाहनांना विमाच नाही असं सरकारी आकडेवारी सांगते, त्यात दुचाक्यांचा भरणा मोठा आहे. दंड पहिल्या खेपेला दोन हजार, दुसऱ्या खेपेला चार हजार. पण खरा हिशेब दंडाचा नसतोच. तो कसबा बावड्यात होतो.

७१४ रुपयांमागे किती?

कसबा बावड्यातल्या न्याय संकुलात मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढची प्रकरणं चालवणारे एक वकील आहेत. दुपारच्या सुट्टीत त्यांनी मला बसवून घेतलं आणि जुन्या फाइलच्या पाठीवर हिशेब मांडायला घेतला. ही बेरीज ते दिवसातून दोन-तीनदा मांडत असावेत. पेन अडखळत नव्हतं.

"समजा, मॅडम, ३० वर्षांचा भाजीवाला. महिना २० हजार कमवतो. घरात बायको, दोन पोरं, म्हातारी आई. सकाळी मार्केट यार्डाकडं जाताना मागून मोटारसायकलनं उडवला. गेला. आता त्याची किंमत काढायची."

किंमत हा शब्द त्यांनी सहज वापरला. न्यायालयानं ती काढायची रीत घालून दिलेली आहे: २००९ च्या सरला वर्मा निकालानं आणि २०१७ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं दिलेल्या प्रणय सेठी निकालानं. स्वतःचा धंदा असलेला माणूस चाळिशीच्या आतला असेल, तर पुढे कमाई वाढली असती म्हणून उत्पन्नात ४० टक्के मिळवायचे. २० चे झाले २८ हजार. वर्षाचे ३ लाख ३६ हजार. अवलंबून असलेली माणसं चार, म्हणून तो स्वतःवर चौथा हिस्सा खर्च करत होता असं धरायचं. उरले २ लाख ५२ हजार. वय २६ ते ३० असेल तर या रकमेला १७ नं गुणायचं. वकिलांनी फाइलवर आकडा लिहून खाली दोन रेघा मारल्या: ४२,८४,०००. अंत्यविधीचा खर्च, कुटुंबाच्या सहवासाचं नुकसान वगैरे रकमा निराळ्या आणि अर्ज केल्यापासूनचं व्याज आणखी निराळं.

"धडकवणाऱ्या मोटारसायकलला थर्ड पार्टी असेल तर हे कंपनी भरणार. ७१४ रुपयांत. इजा आणि मृत्यूच्या भरपाईला पॉलिसीत मर्यादाच नाही, कोर्ट ठरवेल ती रक्कम. दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान असेल तर मात्र मर्यादा आहे, मोटारीला साडेसात लाख आणि दुचाकीला एक लाख."

आणि विमा नसेल तर?

"मग मोटारसायकलवाल्याचा सातबारा काढायचा."

ते हसले नाहीत. जमीन, घर, पगार यांवर जप्ती आणण्याचे अर्जही तेच लिहितात. अडचण एवढीच, की बिनविम्याच्या गाडीवाल्याकडे बऱ्याचदा जप्त करण्याजोगं काही नसतं. मग एका अपघातात दोन घरं बसतात आणि भाजीवाल्याच्या बायकोच्या हाती निकालपत्राची नक्कल राहते.

विमा असूनही मालकाच्या अंगावर येणारी एक वाट त्यांनी दाखवली. गाडी चालवणाऱ्याकडे लायसन्सच नसलं, तर कंपनीनं आधी पीडिताला पैसे द्यायचे आणि मग ते मालकाकडून वसूल करायचे, असा आदेश न्यायाधिकरण देऊ शकतं. सोळा वर्षांच्या मुलाला क्लासला जायला स्कूटर देणाऱ्या घरांची संख्या राजारामपुरीत संध्याकाळी सहाला कुणीही उभं राहून मोजावी. पोरगा पकडला गेला तर पालकाला २५ हजारांचा दंड आणि तीन वर्षांपर्यंतची कैद हे निदान लोकांनी ऐकलेलं असतं. त्यानं कुणाला उडवलं तर भरपाईची रक्कम कंपनी मागाहून बापाकडे मागेल, हे मात्र माहीत नसतं.

परवान्याच्या प्रकाराचा वाद आता बराच निवला आहे. साध्या हलक्या वाहनाच्या लायसन्सवर साडेसात हजार किलोंपर्यंतचं व्यावसायिक वाहन चालवता येतं, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१७ मध्ये सांगितलं आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये घटनापीठानं त्यावर शिक्कामोर्तब केलं. त्याआधी टेंपोवाल्यांचे किती क्लेम या एका मुद्द्यावर अडायचे, त्याच्या कहाण्या वकिलांकडे पोत्यानं आहेत. निकालाविरुद्धची अपिलं पूर्वी मुंबईला जायची. ऑगस्ट २०२५ मध्ये उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झाल्यापासून पक्षकारांची रात्रीची गाडी सुटली, एवढं समाधान त्यांनी बोलून दाखवलं.

मागे बसलेली बायको, वर्दीची गाडी

'थर्ड पार्टी' म्हणजे आपण आणि कंपनी सोडून बाकी सारं जग, असा आपला समज असतो. जग त्याहून लहान आहे.

मोटारसायकलला फक्त सक्तीचा थर्ड पार्टी विमा असेल, तर मागे बसलेल्या माणसाची जोखीम त्यात येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं २००६ मध्ये तिलक सिंग प्रकरणात तसं स्पष्ट केलं. म्हणजे नवरा-बायको जोतिबाला निघाले, गाडी घसरली आणि बायकोला लागलं, तर ७१४ च्या पॉलिसीवर तिचा दावा बसणं अवघड. पूर्ण, म्हणजे पॅकेज पॉलिसी असेल तर मागे बसणाऱ्याची जबाबदारी कंपनी घेते. आपल्याकडे मोटारसायकल हे दोघांचं, खरं तर चौघांचं वाहन आहे. ती जुनी झाली म्हणून 'आता नुसतं थर्ड पार्टी पुरे' म्हणताना पत्र्याचा विचार होतो. मागच्या सीटचा कुणी करत नाही.

स्वतः मालकासाठी १५ लाखांचं वैयक्तिक अपघात संरक्षण असतं. ते सक्तीचं, मात्र तेवढ्या रकमेचं अपघात संरक्षण आधीच दुसरीकडे असेल तर पुन्हा घ्यावं लागत नाही. त्यातली मेख 'मालक' या शब्दात आहे. आरसीवर ज्याचं नाव, त्यालाच ते लागू, आणि त्याच्याकडे लायसन्स हवं. गाडी वडिलांच्या नावावर आणि चालवतो मुलगा, ही आपल्याकडची रोजची तऱ्हा. मुलाच्या चुकीनं गाडी झाडावर गेली तर त्या १५ लाखांवर त्याचा हक्क नाही. थर्ड पार्टीही नाही, कारण मालकाची गाडी मागून घेणारा मालकाच्याच जागी असतो, असं २००९ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं आहे. थोडे पैसे टाकून गाडीतल्या प्रत्येक सीटसाठी अपघात संरक्षण जोडता येतं. झिरो डेपइतका त्याचा गाजावाजा होत नाही.

आणि वर्दी. गणपतीच्या आधी आठवडाभर पांढऱ्या पाटीच्या गाड्या माणसं भरून गगनबावड्याचा घाट उतरतात, हे कोकणाच्या वाटेवरच्या कुणाही चहावाल्याला ठाऊक आहे. खासगी गाडी भाड्यानं नेता येत नाही, असं पॉलिसीच्या पहिल्याच पानावर 'वापराची मर्यादा' म्हणून छापलेलं असतं. घाटात काही झालं तर कंपनीचा तपासनीस जखमी प्रवाशाशी दवाखान्यात गोड बोलून एकच प्रश्न विचारतो: भाडं किती ठरलं होतं?

उसाच्या ट्रॉल्यांचं तर निराळं प्रकरण. ट्रॅक्टरचा विमा असतो. ट्रॉलीची नोंदणी आणि विमा स्वतंत्र दाखवावा लागतो, तो कित्येकदा नसतो. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, वर मोळ्या, मोळ्यांवर तोडकरी. हंगामात रात्री शिरोळ-हातकणंगल्याच्या रस्त्यांवर हे दृश्य सर्रास दिसतं. मागे लाल दिवा नाही, परावर्तक चिखलानं माखलेला. त्या ट्रॉलीवर बसलेल्या बाईचा विमा कुठल्याच कागदावर नसतो. बीडहून ऊसतोडीला आलेल्या तिच्या कुटुंबाचे सातशे रुपये कुठे भरायचे राहिले म्हणून हे झालेलं नाही, हे वकिलांनी मुद्दाम सांगितलं आणि मलाही लिहावंसं वाटलं.

पाण्याची रेघ

पंचगंगेची इशारा पातळी राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट, धोका पातळी ४३. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये नदी ५५ फुटांच्या पुढे गेली. व्हीनस कॉर्नर, शाहूपुरीत पाणी शिरलं, शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला. उद्यमनगरातला माझा मिस्त्री त्या दोन्ही वर्षांबद्दल बोलताना हातानं गाडीवर रेघ दाखवतो. "इथपर्यंत आलं तर धुऊन, वाळवून, कार्पेट बदलून जमतंय. सीटच्या वर गेलं की वायरिंग आलं. डॅशबोर्ड बुडला की गाडी गेली म्हणा."

पूर हा ओन डॅमेजमध्ये येणारा धोका आहे, तेव्हा उभ्या गाडीत पाणी शिरलं तर क्लेम बसतो. घोळ होतो पाणी उतरताना. मालक येतो, दार उघडतो, पाणी निथळतं आणि त्याला वाटतं, बघू तरी चालू होते का. चावी फिरते. हवेच्या वाटेनं पाणी सिलिंडरात गेलेलं असतं. पिस्टन वर येतो, हवा दबते तसं पाणी दबत नाही, आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. इंजिन बाद. आता कंपनी म्हणते, पुरानं गाडी भिजवली, इंजिन तुम्ही मोडलंत. आधीचं नुकसान पुढे वाढवलं तर ते मालकाच्या जबाबदारीवर, अशी अट पॉलिसीत आहे. पाण्यातून गाडी रेटताना ती बंद पडली आणि पुन्हा सेल्फ मारला, तरी हेच.

"चावी मारायची न्हाई. बॅटरीची वायर काढायची आन् फोन करायचा, टो करून आणायची," मिस्त्री म्हणतो. "२०१९ ला निम्म्या गाड्या मालकांनी मारल्या, नदीनं न्हाईत."

यासाठी 'इंजिन प्रोटेक्ट' नावाची जोड मिळते. टेकडीवर राहणाऱ्याला तिचा उपयोग थोडा. शाहूपुरीत तळमजल्याला पार्किंग असणाऱ्यानं ती नाकारली तर मला नवल वाटेल. पण इथे एक प्रश्न आधी विचारायला हवा: गाडीची विमा-किंमत किती धरली आहे? दुरुस्तीचा खर्च त्या किमतीच्या ७५ टक्क्यांवर गेला की 'टोटल लॉस' जाहीर होतो. दुरुस्ती सोडून ठरलेली किंमत हाती देतात आणि गाडी भंगारात जाते. जुन्या गाडीची किंमत कागदावर दोन लाख असेल, तर दीड लाखाच्या पुढचं एस्टिमेट तिला संपवायला पुरे. पुरानंतर कितीतरी चालू शकल्या असत्या अशा गाड्या या हिशेबात गेल्या.

काकूंचं टेबल

राजारामपुरीतल्या एका गल्लीत तळमजल्यावर विमा एजंट काकूंचं टेबल आहे. पंचवीस वर्षं हेच काम. भिंतीवर अंबाबाई, खाली प्रिंटर. मी बसले होते तेव्हा गारगोटीचे एक शिक्षक नूतनीकरणासाठी आले. तीन वर्षं पूर्ण झालेली १,२०० सीसीच्या आसपासची गाडी, एकही क्लेम नाही. शोरूमला साडेसात लाखांना घेतलेली.

"सर, गाडी कोण कोण चालवतं?" काकूंचा पहिला प्रश्न. दुसरा, "रात्री कुठं लावता?" किमतीचं नाव तिसऱ्या प्रश्नातही नव्हतं.

मग कोरा कागद. तीन ते चार वर्षांच्या गाडीला ४० टक्के घसारा, म्हणून विमा-किंमत, एजंटांच्या भाषेत आयडीव्ही, साडेचार लाख. जुन्या दरपत्रकाचा पाया आजही कोटेशनांत टिकून आहे. त्यात मुंबई, पुणे, दिल्ली अशी आठ मोठी शहरं 'अ' गटात आणि उरलेला देश 'ब' गटात. कोल्हापूरच्या या गाडीला त्याप्रमाणे ३.१९१ टक्के, पुण्याची असती तर ३.२८३. साडेचार लाखांवर झाले १४,३६०. कंपनीनं ६० टक्के सूट दिली, उरले ५,७४४. तीन वर्षं क्लेम न घेतल्याचा बोनस, एनसीबी, ३५ टक्के, राहिले ३,७३३. त्यात थर्ड पार्टीचे ३,४१६. मग अपघात संरक्षण, हव्या त्या जोडण्या आणि सगळ्यावर १८ टक्के जीएसटी. २०२५ च्या सप्टेंबरात वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्यविम्यावरचा कर गेला, वाहनविम्यावरचा १८ टक्के राहिलाच. हे शिक्षकांना मान्य नव्हतं. त्यांनी दोन मिनिटं वाद घातला, जणू दर काकूंनीच ठरवला होता.

"आयडीव्ही चार लाख करा की, कमी बसेल," ते म्हणाले.

काकूंनी कॅल्क्युलेटर त्यांच्याकडे फिरवला. किंमत ५० हजारांनी कमी केली तर कर धरून वाचतात सुमारे ४९० रुपये. गाडी चोरीला गेली, तर ५० हजार कमी येतील. शिक्षकांनी आकडा दोनदा बघितला आणि साडेचारवर राहिले. सर्वांत स्वस्त कोटेशन पुष्कळदा याच जागी स्वस्त केलेलं असतं. दोन कंपन्यांची तुलना करायची तर आधी दोन्हीकडे आयडीव्ही सारखी आहे का बघावं. नसेल तर ती तुलनाच नव्हे.

एनसीबीची शिडी २०, २५, ३५, ४५, ५० अशी चढते आणि एका क्लेमनं थेट जमिनीवर येते. शिक्षकांच्या दाराला गेटचा ओरखडा होता, क्लेम करू का म्हणून विचारत होते. काकूंनी पुढची पाच वर्षं मांडली: क्लेम न केल्यास ४५ आणि मग ५०, ५०, केल्यास शून्यापासून पुन्हा २०, २५, ३५. सगळी तूट जोडली तर बोनसआधीच्या एका वर्षाच्या ओन डॅमेजहून थोडी जास्तच भरते, म्हणजे ढोबळ सहा हजारांच्या पुढे. ओरखड्याचा खर्च साडेतीन हजार, त्यातले एक हजार कंपनी देणारच नाही. शिक्षकांनी विषय सोडला. उद्यमनगरातल्या मिस्त्रीला हा सल्ला अर्थातच पटत नाही, "भरताय कशाला मग?" असं तो गिऱ्हाइकांना विचारतो. त्याचं पोट त्यावर आहे.

हा बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. गाडी विकताना प्रमाणपत्र घेऊन ठेवलं तर तो नव्या गाडीला लावता येतो. पॉलिसी संपून ९० दिवस उलटले तर जातो. जुनी गाडी घेणाऱ्याला 'पन्नास टक्के एनसीबी आहे गाडीला' असं कुणी सांगत असेल, तर तो गाडीबरोबर वाराही विकतोय.

जोडण्यांच्या यादीवर काकूंची पेन्सिल निर्दय चालली. झिरो डेप ठेवलं. बहुतेक कंपन्या ते ठरावीक वयापर्यंतच्या गाड्यांना देतात आणि वर्षात किती क्लेम याला मर्यादा घालतात, तेही सांगितलं. किल्ली हरवण्याचं संरक्षण खोडलं. टायरचं खोडलं. रस्त्यावरच्या मदतीचं खोडलं, कारण गाडीच्या कंपनीची तीच सेवा अजून चालू होती. इंजिन प्रोटेक्ट खोडताना थांबल्या. "गारगोटीला घर कुठं? ओढ्याकडं?" सर म्हणाले, वरच्या आळीत. खोडलं. मागच्या सीटवर रोज तीन सहकारी शिक्षक बसतात हे कळल्यावर मात्र प्रवाशांचं अपघात संरक्षण त्यांनी स्वतःहून लिहिलं. "पेट्रोलचे पैसे वाटून घेता का?" हेही विचारलं आणि उत्तर ऐकून नुसतं "जपून" म्हणाल्या.

गाडी महिन्यातून दोनदा बाहेर काढणाऱ्यांसाठी, जेवढी चालेल तेवढ्याच्या हिशेबानं पैसे घेणाऱ्या योजनांना विमा नियामकानं जुलै २०२२ मध्ये परवानगी दिली. काकूंकडे त्या घेणारे थोडे आहेत, बहुतेक मुलं परदेशी असलेली वयस्क जोडपी. मला ही कल्पना रास्त वाटते. उभ्या गाडीनं धावणाऱ्या गाडीइतके पैसे का भरावेत?

शोरूममध्ये

गणेश चतुर्थीच्या आदल्या दिवशी शिरोलीकडच्या एका शोरूममध्ये डिलिव्हरीची रांग होती. ऑन-रोड किमतीच्या कागदावर विमा ही एकच ओळ आणि तिच्यापुढे एकच आकडा. त्याची फोड मागणारं गिऱ्हाईक विरळा. मी होते त्या वेळात एकच दिसलं, इचलकरंजीचा पॉवरलूमवाला तरुण, बरोबर वडील.

"विमा बाहेरून घेतला तर कॅशलेस होणार नाही, सर," विक्रेता म्हणाला. हे वाक्य शोरूमोशोरूमी पाठ असतं. २०१७ पासून शोरूमच्या विमा विक्रीला नियामकाची चौकट आहे आणि अमुकच पॉलिसी घ्या अशी सक्ती करता येत नाही. कॅशलेस होणं न होणं कंपनी आणि वर्कशॉप यांच्यातल्या करारावर असतं. कोणत्या कंपन्यांशी करार आहे, ती यादी मागितली की मिळते. तरुणानं मागितली. काकूंसारख्याच कुणाकडून आणलेलं कोटेशन त्यानं पुढे ठेवलं. त्या यादीतल्याच एका कंपनीचं, तीच आयडीव्ही, तेच झिरो डेप. विक्रेता आत जाऊन आला आणि त्याच पॉलिसीची किंमत खाली आली. तरुणानं ती घेतली. शोरूमच्या माणसाला पुढे पाच वर्षं क्लेमच्या वेळी हाका मारता येतात, हा त्याचा हिशेब होता आणि तो चुकीचा म्हणता येणार नाही.

पंधरा मिनिटांत पॉलिसी व्हॉट्सॲपवर आली. बाहेर चाकाखाली लिंबं ठेवून झाली होती, आई ताट घेऊन उभी होती. तरुणानं कागद उघडून चॅसिस नंबर एकेक आकडा करत वडिलांना वाचून दाखवला. वडिलांनी गाडीवरच्या पट्टीशी ताडून पाहिला. शेवटून तिसरा आकडा चुकला होता. शिवाय कर्ज ज्या बँकेचं, तिचं नावच नव्हतं.

"दुरुस्ती उद्या मेलवर येईल सर, मुहूर्त चाललाय," विक्रेता म्हणाला.

"मुहूर्त आमचा हाय, तुमचा न्हवं," वडील म्हणाले आणि खुर्चीत बसले. सव्वा तास लागला.